पहिल्या तीन हाका

१२ सप्टेंबर १८७९, डाकोटा

आज पोचले. आगगाडी संपते तिथून पुढे बैलगाडी, आणि सगळ्या वाटेत हाल्वोरमामांचं तोंड काही बंद नव्हतं. ते आईचे मावसभाऊ. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मला बघून म्हणाले, अगं बेरित, आपल्या घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी म्हणून मला वाटलं चष्मा लावलेली, वाकलेली कोणी बाई उतरेल, तू तर नांगराला जुंपण्याजोगी आहेस. मी म्हटलं, जुंपा, पण मग तुमच्या बैलांना मुळाक्षरं शिकवायला वेळ उरणार नाही. ते इतके हसले की बैल थांबले.

घर झाडाच्या लाकडाचं नाही, इथे झाडंच नाहीत. नांगराने गवताळ जमिनीच्या ढेपा कापून त्या विटांसारख्या रचल्या आहेत. छपरावर अजून गवत वाढतं. आत मात्र चुन्याने रंगवलेलं आणि उबदार. थोरामामींनी आंबट सायीची लापशी केली होती, वर लोण्याचं तळं. त्यांना जानेवारीत बाळ होणार आहे, म्हणून मी हिवाळाभर मदतीला. शिवाय पाच वर्षांच्या सुनिव्हाला शिकवायचं. ती माझ्या पेटीतलं पुस्तक उलटं धरून मला वाचून दाखवत होती. मला इथे आवडणार.

१६ सप्टेंबर

मामांबरोबर नवी जमीन फोडताना पाहायला गेले. मुळं तुटताना कापड फाटल्यासारखा आवाज येतो. नऊ वर्षांपूर्वी ते आणि मामी आले तेव्हा पहिला हिवाळा ओढ्याच्या काठात बीळ खणून काढला. नॉर्वे सोडताना मामांची आई पाठ फिरवून उभी होती, शेवटपर्यंत वळली नाही. मामांनी मागून ओरडून सांगितलं होतं, पहिली मुलगी झाली की तुझंच नाव ठेवीन. मामा म्हणाले, नांगरली म्हणून जमीन आपली होत नाही, घराण्याचं नाव तिच्यात रुजावं लागतं. मला ते बोलणं फार आवडलं.

२१ सप्टेंबर

आज एक विचित्र गोष्ट घडली. जसं पाहिलं तसंच लिहिते, वाढवून नाही.

जेवण तयार होतं. मी दारात उभी राहून सुनिव्हाला हाक मारली. उत्तर नाही, म्हणून पुन्हा, आणि पुन्हा. वारा अजिबात नव्हता. ओढ्याकडचं उंच गवत तीन ठिकाणी दुभंगलं आणि त्या तीन वाटा घराच्या दिशेने येऊ लागल्या. मला वाटलं वासरं असतील. जिथे गवत कापलं आहे तिथे त्या थांबल्या. बाहेर काहीच आलं नाही.

मागे वळले तर सुनिव्हा टेबलाखाली बसून वाटाणे सोलत होती. ओ का दिली नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, घराबाहेर हाक मारली की पहिल्या तीन त्यांच्या असतात. माझी चौथी. तू चौथी मारलीच नाहीस.

मामींनी वरही पाहिलं नाही. एवढंच म्हणाल्या की बेरित, तिला हाक मारत जाऊ नकोस, हात धरून आणत जा.

२२ सप्टेंबर

मामींनी कपडे धुताना सांगितलं. या सुनिव्हाच्या आधी तीन मुली झाल्या. तिन्ही सुनिव्हा. पहिली दीड वर्षाची होऊन गेली, दुसरी घटसर्पाने, तिसरी पाळण्यातच. एक गेली की पुढचीला तेच नाव. गोठ्यामागे तीन उंचवटे आहेत, मी ते बटाट्याचे समजत होते.

आमच्यात ही रीतच आहे. माझ्या धाकट्या भावाचं नावही आधी वारलेल्या भावाचंच. मग रीतीला मी कशी दोष देऊ? पण दुपारभर मनात एकच घोळत राहिलं, की नाव एक, मुली चार. हाक मारली तर ओ कोणी द्यायची?

५ नोव्हेंबर

बर्फ पडू लागला. शेजारच्या जमिनीवरून इंगेरबाई मामींना तपासायला आल्या. या भागातली सगळी बाळंतपणं त्याच करतात. मामा मधेमधे करत होते तेव्हा म्हणाल्या, हाल्वोर, तू बाहेर हो बाबा, मागे गाय व्याली तेव्हा तूच आडवा झाला होतास आणि मी आधी तुला सांभाळलं होतं.

मग मामींनी स्वप्न सांगितलं. रुमाल बांधलेली एक म्हातारी पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभी राहते. इंगेरबाई गंभीर झाल्या. मेलेलं माणूस गरोदर बाईच्या स्वप्नात येतं ते नावासाठी, आणि आलेल्याला नाव द्यावंच लागतं, हे आमच्यात पोरंसुद्धा जाणतात. मामांना केवढा आनंद, ही नॉर्वेत वारलेली त्यांची आईच, सुनिव्हा. आई वळली, असं म्हणत राहिले. शेवटी वळली माझ्याकडे.

मी म्हटलं, पण सुनिव्हा तर आहे की घरात.

मामांनी मुलीकडे पाहिलं. पेरणीआधी शेताकडे बघावं, तसं.

१९ नोव्हेंबर

त्या दिवसापासून मामांनी तिचं नाव घेतलेलं नाही. ‘ती’ म्हणतात. तिला भाकरी दे, तिला झोपव. तिच्यासाठी लाकडी जोडे कोरत होते. एक झाला आणि दुसरा कोरायचं थांबले. मी विचारलं तर म्हणाले की घाई काय आहे.

मी रागावू नये, त्यांचं अन्न खाते. पण रागावले आहे.

२८ नोव्हेंबर

तिला खोकला. छातीत घरघर. मी डॉक्टर आणा म्हटलं, तर मामा म्हणाले बर्फातून बैल जाणार नाहीत. परवा याच बर्फातून पाळण्यासाठी खिळे आणायला गेले होते. मी ते इंगेरबाईंसमोर बोलून दाखवलं. माझा आवाज चढला, माझा मलाच ओळखू येईना.

मामा शांतपणे म्हणाले, दोन सुनिव्हा एका घरात कशा राहतील, बेरित?

मी म्हटलं, मग बाळाचं नाव दुसरं ठेवा. कॅलेंडरभर नावं आहेत.

ते म्हणाले, माझी आई समुद्र ओलांडून आली आहे आणि मी तिला दारातून परत पाठवू? तुझ्या शाळेत हे शिकवतात?

मी म्हटलं, शाळेत मोजायला शिकवतात. एक जिवंत मुलगी एका मेलेल्या बाईपेक्षा जास्त असते. इंगेरबाईंनी डोळे मिटले. त्यांनाही हे कळतं. सगळ्यांना कळतं, आणि सगळे वाट बघत बसले आहेत. याची मला भयंकर चीड येते. तापलेली पोर पलंगावर आहे आणि हे लोक रीत पाळताहेत.

३० नोव्हेंबर

पाप असेल तर माझ्या माथी. बाप्तिस्मा एकदाच होतो, तो मी पुन्हा केलेला नाही. फक्त तिच्या कानात सांगितलं की आजपासून तू लिव. लिव म्हणजे जगणं, हे तिलाही माहीत आहे. ते जुनं नाव कोणी घेतलं तर ओ द्यायची नाही, चौथ्या हाकेलाही नाही. तिने विचारलं, मग ते नाव कोणाचं? मी म्हटलं, पडू दे.

१४ डिसेंबर

लिवचा ताप उतरला. मामीसुद्धा हळूच लिव म्हणतात. आज मामांनी ऐकलं. लाथेने पाण्याची बादली उडवली. माझ्या आईचं नाव माझ्या घरातून पुसणारी तू कोण, दोन बुकं शिकलीस म्हणून? मी जागची हलले नाही. म्हटलं, तुम्हाला हवं होतं ते झालं, नाव मोकळं झालं. आता तरी मुलीचा जोडा पुरा करा.

त्यांनी केला नाही.

२ जानेवारी १८८०

मामींना पुन्हा स्वप्न. रुमाल बांधलेली नीट दिसली. ती म्हातारी नाही. रुमाल मोठा आहे आणि आतला चेहरा लहान.

मागे आणखी दोघी.

मामांना सांगितलं. ऐकूनच घेत नाहीत.

६ जानेवारी

वादळ. घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधला आहे, तो धरून गेलं तरी हात दिसत नाही. इंगेरबाई येऊ शकल्या नाहीत. बाळंतपण मीच केलं. मुलगी. मामी बऱ्या आहेत.

मामांनी बाळाला हातात घेतलं, पाणी शिंपडलं, नाव ठेवलं. सुनिव्हा. रडत होते. मला त्या क्षणी त्यांची दया आली, एवढी की मी सावध राहिले नाही.

त्यांनी दार उघडलं आणि आपल्या जमिनीला ऐकू जावं म्हणून ते नाव बाहेर ओरडून सांगितलं. एकदा. दोनदा. मी धावले तोवर तिसऱ्यांदा.

७ जानेवारी, सकाळ

खिडकीवरचा बर्फ बाहेरून पुसलेला. तीन ठिकाणी, तीन उंचीवर. सगळ्यात वरचं माझ्या खांद्याला येतं. म्हणजे त्या वाढतात —

दुपार

हाका. दाराशी. सुनिव्हा, सुनिव्हा, जेवायला चल. आवाज माझा. सप्टेंबरात मी जशी मारली होती तशीच.

प्रत्येक हाकेला बाळ निळं पडतं. हाक थांबली की श्वास येतो. त्याला ओ देता येत नाही, पण हाक त्याचीच आहे.

नंतर

मामांना आता कळलं. कळून काय केलं? लिवचा दंड धरला. म्हणाले, नाव आधी हिचं होतं, हिने जावं. म्हणजे बाळ राहील, नाव राहील. आवाज अगदी समजुतीचा. शेतातलं काम वाटून द्यावं तसा.

मी त्यांच्या हाताला चावले. मामी पलंगावरून उठल्या, रक्ताने भिजलेल्या, हातात चुलीची सळई. नऊ वर्षांत त्या मोठ्याने बोलल्या नसतील. म्हणाल्या, पाच जणींना मी जन्म दिला हाल्वोर, आणि तुला एकीचीही ओळख नाही. हात सोड, नाहीतर तुझ्या आईजवळ तुलाच पाठवते.

त्यांनी सोडला. कोपऱ्यात बसून आहेत. त्यांची मला दया येत नाही. आता येणार नाही.

हाका चालू. मधलं अंतर कमी होतंय. बाळ —

संध्याकाळ

ओ दिली. मी.

दाराला तोंड लावून म्हटलं, मी सुनिव्हा, ओरडू नका, आले. भीतीने नाही. रागाने म्हटलं.

बाहेर शांत. मग कोणीतरी हसलं, खेळात भिडू मिळाल्यासारखं.

बाळ लाल झालं, दूध ओढतंय. मामींनी त्याला नवं नाव दिलं. मला सांगत नाहीत. मी ऐकलं तर त्याही ऐकतील. बरोबर आहे.

८ जानेवारी

वादळ थांबलं. बाहेर ऊन. पावलं दारापर्यंत, परत गेलेली नाहीत.

मामा मला विचारतात, बाई, तुम्ही कोण? खोटं नाही. खरंच ओळखत नाहीत.

मामींनीही आता विचारलं. फक्त लिव माझा हात धरून आहे. तीही मला हाक मारायला तोंड उघडते आणि नाव न आठवून थांबते —

कडी वाजतेय. हळू. वाट बघताहेत, घाई नाही.

जायचं तर मी माझ्या पायांनी जाईन. मामी, हे तुमच्यासाठी लिहिते. लिवला शाळेत घाला. पुस्तक सुलटं धरते आता. तिला कोणीही, कोणत्याही मेलेल्या माणसासाठी — नाही. तिचं नाव तिचंच. कधी विचारलं तर सांगा की ते ठेवणारी एक मुलगी होती, आपल्याच नात्यातली, फार रागीट, आणि तिचं नाव