खांबाखालचे दिवस

१२ सप्टेंबर
नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, "बदली मागशील तेव्हा दिवा असलेलं गाव माग, बाकी सगळं जमवून घेता येतं." बावीस वर्षांनी त्यांचं ऐकणं झालं. महागावपासून पंधरा किलोमीटरवरचा हा तांडा, आणि उपकेंद्राच्या दारातच उंच खांब, वर सहा पांढरेशुभ्र दिवे. काल रात्री पोचले तरी अंगणात उभं राहून औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचता आली. सरपंच लालीबाई स्वतः खोली दाखवायला आल्या. दहा वर्षं चपला झिजवून दिवा आणला, सौर बॅटरीचा आहे, लाइन गेली तरी तो जात नाही, हे त्यांनी चारदा सांगितलं. खांबाच्या पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात असते. आता रातीही तुमची सुई चुकाची नाई सिस्टर, म्हणून हसल्या. मलाही हसू आलं. इथे बरं जाईल.

१५ सप्टेंबर
शेजारचंच घर लालीबाईंचं. त्यांची जया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तारीख पाच ऑक्टोबर. ओसरीत खाटेवर लालीबाईंचे यजमान, लखीरामबाबा. यकृताचा कॅन्सर. ऑगस्टअखेर यवतमाळच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगून घरी पाठवलं. नातवंडाचं तोंड पाहूनच जाणार, म्हणतात.
रात्रभरच्या उजेडानं मला झोप येत नाही. खिडकीच्या काचेला जुने एक्स-रे चिकटवले. आता भिंतीवर कुणाकुणाच्या बरगड्या उमटतात.

२८ सप्टेंबर
कोंबडे रात्रभर आरवतात. सकाळी खांबाच्या बुडाशी मेलेल्या किड्यांचा ढीग असतो, तो खराट्यानं लोटावा लागतो. लोक तोंडावर गोधडी घेऊन झोपतात, पण तक्रार कुणाचीच नाही. दिव्यांवर खाली झुकलेली टोपणं बसवू, दहानंतर सहातले चार बंद करू, एवढंच मी लालीबाईंना सुचवलं. अंधारच पाह्यजे होता तर इतल्या दूर कायले आल्या सिस्टर, आमी चाळीस वर्सं तोच पाह्यला, म्हणाल्या. हातपंपावरच्या बाया किती वेळ हसत होत्या.
दिवे बसवणाऱ्या कंपनीला फोन लावला. दिवा लागत नसेल तर एक दाबा. दिवा बंद करायचा असेल तर काय दाबायचं, ते सांगतच नाहीत.

९ ऑक्टोबर
सगळ्या शिवारातलं सोयाबीन कापून झालं. फक्त खांबाभोवती, उजेड पोचतो तेवढ्या गोलात, ते अजून हिरवंगार आहे. एक शेंग नाही. लालीबाई बियाणेवाल्याच्या सात पिढ्या उद्धरतात. कृषी सहायकाला विचारलं. सोयाबीनला लांब रात्र लागते मॅडम, रात्र मिळाली नाही तर ते पिकतच नाही, वाढत्या वयाचंच राहतं, असं तो चहा पिता पिता म्हणाला.
जयाची तारीख चार दिवसांपूर्वी उलटली. कळ नाही.

१८ ऑक्टोबर
जयाला महागावला सोनोग्राफीसाठी नेलं. बाळ छान आहे, अजून दीड महिना अवकाश आहे, तारीख तुम्हीच चुकीची लिहिली, असं डॉक्टर मला तिच्यासमोर बोलले. मी ऑगस्टचा, जया तांड्यावर येण्याआधीचा रिपोर्ट पुढे केला. वजन तेच, लांबी तीच. मग तो रिपोर्ट चुकला असेल, म्हणाले, आणि पुढचा नंबर पुकारला.
सप्टेंबरात इंजेक्शनची काच लागून माझं बोट कापलं होतं. जखम अजून ओली आहे. खपली धरत नाही.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. ओट्यावर पणत्या लावल्या. वात जळत होती, पण ज्योत दिसत नव्हती.

२४ ऑक्टोबर
आज सगळं कळलं. कळायला नको होतं.
सूर्य मावळतो आणि दिवे लागतात, या दोन्हींमध्ये दहा मिनिटं अंधारून येतं. आज तेवढ्यात मी लालीबाईंच्या ओसरीत होते. जयाला कळ आली, खरी कळ, पोट दगडासारखं घट्ट. आणि तिकडे खाटेवर बाबांचा श्वास लांबत गेला, हनुवटी खाली आली, चेहरा सैल पडला. मी दोघांच्या मध्ये उभी. मग दिवे लागले. जयाचं पोट मऊ पडलं. बाबांनी डोळे उघडले आणि कण्हायला लागले.
रोज असंच होते, जया म्हणाली. पंधरा दिवस झाले, माय म्हणे सांगू नको.

२७ ऑक्टोबर
जयाला आठ दिवस माझ्या बहिणीकडे नेते म्हटलं. पहिल्या बाळंतपणाची पोरगी माहेरातून अर्ध्यात बाहेर काढू का, जात काय म्हणन, असं लालीबाई. जयाही नाही म्हणाली. ती बाहेर पाय ठेवेल आणि इकडे बाप जाईल, याची तिला भीती.
दुपारी बाबांनी माझा हात धरला. शरीर कधीच संपलंय, म्हणाले, मले जाऊच देऊन नाई राह्यले, सिस्टर. दिवा मालव.
मी लालीबाईंकडे पाहिलं. त्यांनी दोऱ्यातली किल्ली पदराखाली घेतली. म्हणजे त्यांना ठाऊक आहे. आधीपासून.

१ नोव्हेंबर
मासिक अहवाल लिहायला बसले. एकही वाक्य पुरं —
पाळी नाही. झोप नाही. रडू येतं, पण डोळ्यांतच —
उजेडात काहीच शेवटाला जात नाही. मीही.

३ नोव्हेंबर
दिव्यांना दगड मारून पाहिले. चाळीस फूट. हात पोचत —
संध्याकाळी जया ओरडली. दहा मिनिटं. बाबाही. मग पांढरं, सगळं पांढरं, आणि दोघं पुन्हा —
आज बाळाचं डोकं हाताला लागलं होतं. दिवे लागले तसं ते वर सरकलं.

५ नोव्हेंबर
लालीबाई, हे तुमच्यासाठी. समोर आले की माझं बोलणं अर्ध्यातच —
किल्ली द्या. एक रात्र. बाबा जातील, हो, खोटं कशाला सांगू. ते स्वतः मागताहेत. जया मोकळी होईल. तुम्ही नाहीच म्हणाल. नवऱ्याला आपल्या हातानं अंधारात कोण —
सगळे दिवे नकोत. तुमच्या ओसरीवर येणारा एकच, तेवढा तरी —