चोपन्न आणि सतरा

७ डिसेंबर
पोचलो बाई एकदाच्या! यावलच्या स्टँडवर उतरलो तेव्हा भाविकाच्या हातात भुसावळपासून धरलेलं अर्धं केळं होतं. खातही नव्हती, टाकूही देत नव्हती. पाच वर्षांची आहे, पण हट्ट पन्नाशीचा.

जीवराम नानांच्या केळीबागेत दोन खोल्या मिळाल्या आहेत. दारातच मी जिच्यासाठी आले ती बोअर आणि तिचा हौद. पाणी बारा महिने गरम असतं. ते कुठून येतं हे शोधायचं, ही माझी नवी नोकरी. नानांच्या सूनबाई चारुलतावहिनींनी भरीत आणि कळण्याची भाकरी एवढी वाढली की उठताना भिंत धरावी लागली.

अंगणात घड तोलायचा काटा आहे, लाल आकड्यांचा. नानांनी गंमत म्हणून आम्हाला त्यावर चढवलं. मी चोपन्न किलो, भाविका सतरा. एकाहत्तर! म्हणजे आम्ही दोघी मिळून बरोबर एक हितेंद्र. जहाजावरच्या शेवटच्या तपासणीत त्याचं वजन तेवढंच भरलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याची आठवण काढून हसले. बरं वाटलं.

१० डिसेंबर
हितेंद्र समुद्राच्या तळाला भोकं पाडणाऱ्या जहाजावर होता. मला त्याने त्याचं काम खिचडीच्या ताटात शिकवलं होतं. तळाचा खडक गाळाच्या जाड पांघरुणाखाली असतो आणि गाळातून पाणी सहसा जात नाही. मग जिथे खडकाचा डोंगर गाळातून डोकं वर काढतो, तिथून गार पाणी आत शिरतं, खाली तापतं आणि लांबच्या दुसऱ्या डोंगरातून वर येतं. जितकं आत, तितकं बाहेर. एवढं सांगून माझा पापड पळवायचा. एके दिवशी जहाजावरून पाण्यात पडला तो सापडलाच नाही.

इथेही तसंच असावं. वर तापीचा गाळ, खाली काळा खडक. सातपुड्याच्या पायथ्याला भुराभाऊंच्या पाड्यावर एक विहीर आहे, अख्खा पावसाळा पिऊनही भरत नाही. आज तिच्यात हिरवा रंग ओतला. आमच्या हौदात यायला दोन महिने तरी लागतील.

भुराभाऊ साठीचे, मोजकं बोलणारे. निघताना म्हणाले, हौदात काही वर आलं तर हात लावू नका. "आठे उचलं, तठे तितलं देनं पडी." म्हणजे इथे उचललं, तर तिथे तेवढंच द्यावं लागतं. त्यांच्या पाड्यातलं कोणी हौदातलं पानसुद्धा उचलत नाही म्हणे. मी मान डोलावली. आमचं कामच नमुने उचलायचं, त्यांना काय सांगणार?

१३ डिसेंबर
तिसऱ्या दिवशीच हौद हिरवा! चव घेतली. खारट. आणि तळाशी घड्याळ.

पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला. हितेंद्रसाठी तो मीच शिवला होता, लाल दोरा संपला म्हणून.

उचललं. कोणीही उचललं असतं. सवयीने वजन केलं, बासष्ट ग्रॅम. सकाळीच वरच्या विहिरीत माझा तापमापक सुटून पडला होता. नोंदवहीत पाहिलं. त्याचंही बासष्ट.

योगायोग. रडून घेतलं आणि स्वयंपाकाला लागले.

१५ डिसेंबर
त्याचा बूट आला. डाव्या पायाचा. चारशे दहा ग्रॅम. भुराभाऊंचा फोन आला की भाविकाची स्टीलची बाटली विहिरीत तरंगते आहे. ती सकाळी आमच्या ओट्यावर होती. बाटलीचं वजन विचारायची गरज नव्हती.

मला भीती वाटायला हवी होती. मला आशा वाटली. लाज वाटते लिहायला.

१७ डिसेंबर
नानांची जीप मागून घेतली. एकाहत्तर किलो दगड मोजून वरच्या विहिरीत टाकले. हो, टाकले. नवरा परत हवा होता मला.

१८ डिसेंबर
सगळे दगड हौदाच्या काठावर. ओले, गरम, मिठाने पांढरे. एकही कमी नाही.

भुराभाऊंना विचारलं. म्हणाले, वस्तूला वस्तू चालते; माणसाच्या बदल्यात मात्र जे गेल्यावर कोणी रडत नाही, ते विहिरीला चालत नाही.

२० डिसेंबर
भर दुपारी भाविका काट्यावर उभी. कोणी सांगितलं विचारलं. बाबांनी, म्हणाली. हौदातून. सतरा आहे का बघ म्हणाले.

चोपन्न आणि सतरा. मीच मोजून दिलं होतं, हसत हसत.

घड्याळ, बूट परत हौदात टाकले. बुडत नाहीत. उद्या पहिल्या गाडीने वहिनी भाविकाला जळगावला नेणार आहेत, त्यांच्या माहेरी.

२१ डिसेंबर
वहिनींचा फोन. जळगावला उतरल्या, भाविका शेजारी नाही. सीट ओली. खारट वास—

भुराभाऊंचा फोन. भाविका त्यांच्या विहिरीत उतरत होती. त्यांनी ओढून आपल्या कमरेशी दोराने बांधून घेतलं आहे. म्हणाले, या लवकर, पोर हाताला पोरासारखी लागत नाही, कापसासारखी हलकी—

जीप अजून आली नाही. नाना आणायला गेलेत.

हौदापाशी जाऊन ओरडले. मी उचललं, मी देते. मला घे. तिला सोड. हितेंद्र, तुझी मुलगी आहे रे ती!

अंगणात कोणी नाही. काट्यावर ओली पावलं. एक अनवाणी, एक बुटाचं.

आकडे चढतायत. नऊ. बावीस. खुर्ची माझ्याखाली करकरायची थांबली. पेन जड— जात्यासारखं—

फोन चालू ठेवलाय. भुराभाऊ सांगतायत, पोर आता भरीव लागते, रडते, आई मागते. रडू दे. रडू दे माझी बाय.

चाळीस. एकोणपन्नास—

चोपन्न.

काटा थांबला. देवा, थांबला. भाविका वाचली, मी दिलं ते पुर—

पंचाव