शोधसूची पूर्ववत करण्यापूर्वी एक ज्ञापन रद्द होणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अभिलेख अधिकारी,
मध्यवर्ती अभिलेख कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वरीलप्रमाणे, आणि शक्यतो सोमवारपूर्वी.
संदर्भ : याच विषयावरील माझे तीन ऑनलाइन अर्ज (सर्व्हरवर सुरक्षित आहेत, म्हणून सापडत नाहीत).

महोदय,

मी तळमजल्यावरील अभिलेखपाल असून माझ्या निवृत्तीस चार महिने उरले आहेत. सर्व्हरच्या बिघाडाबाबत वस्तुस्थिती सविनय सादर करतो.

१. गेल्या महिन्यात पाहणी पथक येणार होते, तेव्हा सर्व्हरचे हिरवे दिवे दारातून दिसावेत अशी आपली तोंडी सूचना झाली. त्यानुसार सर्व्हरचे कपाट चालू स्थितीतच फिरवण्यात आले व मागची वायर निसटली. दिवे दिसले, पथकही खूश झाले. कागदपत्रे शाबूत आहेत. मात्र कोणता कागद कोठे आहे हे सांगणारी शोधसूची, म्हणजे इंडेक्स, नेमकी त्याच वेळी लिहिली जात होती. ती बिघडली.

२. तेव्हापासून शोधावे एक आणि हाती यावे भलतेच, अशी गत झाली आहे. एका नवरदेवास विवाहनोंदणीऐवजी तुंबलेल्या गटाराची तक्रार प्रमाणित करून देण्यात आली. त्यांच्या सासूबाई ती परत द्यायला तयार नाहीत.

३. संगणक तंत्रज्ञांनी (कार्यालयात त्यांना ‘रिस्टार्टभाऊ’ म्हणतात) सर्व्हर अकरा वेळा बंद करून चालू केला. मग बॅकअपमधली सूची चढवली, तर तीही तशीच निघाली. जागा वाचवण्यासाठी आपण एकच प्रत ठेवतो व रोज संध्याकाळी नवी प्रत जुनीच्या जागी घेतो. बिघाडाच्या दिवशीही रिस्टार्टभाऊंनी कामात कसूर केली नाही, त्यामुळे आता बिघाडाचा बॅकअप आपल्याकडे अगदी सुस्थितीत आहे. सूची मुळापासून नव्याने बांधायची तर सहा आठवडे लागतील, असे ते म्हणतात.

४. चांगल्या सूचीची एक प्रत उपलब्ध आहे. दर शनिवारी ती मी स्वतःच्या डिस्कवर घेत असे. याच कृत्याबद्दल ‘विनापरवाना प्रत बाळगल्यावरून निलंबित का करू नये’ असे ज्ञापन आपण मला दिले होते. चौकशी अडली आहे, कारण ज्ञापनाची कार्यालयीन प्रत सापडत नाही. सूची दुरुस्त झाली की पहिल्या झटक्यात तेच सापडेल. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्याची मला खरोखर भीती वाटते. छत्तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट निलंबनाने होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

५. डिस्क सध्या पत्नीच्या शिवणाच्या डब्यात असून डब्याची किल्ली तिच्याकडे आहे. मी तिला कार्यालयाची निकड समजावून सांगितली. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत नमूद करतो : “तुम्ही भोळे आहात. आधी ते रद्द झाल्याचा कागद आणा, सहीशिक्क्याचा. मग डबा उघडते. मला तुमची सूचीबिची कळत नाही, पण माणसं कळतात.” घरी माझे फारसे चालत नाही, हे आपणही जाणता, आपल्या घरचे अनुभव आपण जेवणाच्या सुट्टीत सांगितलेले आहेत.

६. घाईचे कारण असे की, भांडारपालांनी लिलावात काढायच्या निर्लेखित फर्निचरची यादी याच बिघडलेल्या सूचीवरून काढली. त्यात अनुक्रमांक १४ वर, दोन मोडक्या कपाटांच्या मधोमध, आपली सेवानोंद आली आहे. भांडारपाल यादीबाहेर जाणारे गृहस्थ नव्हेत. आज सकाळी आपल्या दालनाच्या दारावर चिकटवलेली १४ क्रमांकाची चिठ्ठी त्यांचीच आहे. लिलाव सोमवारी अकरा वाजता आहे.

तरी ज्ञापन रद्द केल्याचा कागद आजच मिळावा. मिळाल्यापासून तासाभरात डिस्क हजर करतो.

अद्याप सेवेत असलेला,
आपला नम्र,
(सही)
अभिलेखपाल, तळमजला
दिनांक : ९, शुक्रवार

सोबत :
१. ज्ञापन रद्द केल्याच्या आदेशाचा मसुदा (फक्त सही बाकी).
२. निर्लेखित फर्निचरची यादी (अ. क्र. १४ खाली रेघ मारली आहे).
३. डिस्क (जोडलेली नाही).