खांद्यावरचा हात

बोळिंज, विरार (प.)
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय चिराग,

अनेक आशीर्वाद, संजनालाही. आम्ही इथे ठीक आहोत. बर्नार्डचा गुडघा दुखतो आणि तो ते कबूल करत नाही. सोसायटीत एक दिवसाआड टँकर येतो. शाळेला दिवाळीची सुट्टी आहे, म्हणून माझ्या रविवारच्या फोटोग्राफीच्या वर्गाकडेही कुणी फिरकलं नाही. तेव्हा आजची सगळी बडबड तुझ्या वाट्याला.

तू दोन फोटो पाठवून विचारलंस, "ताई, बाबांच्या वर्षश्राद्धाला कोणता लावू? तुला फोटोतलं कळतं." व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर दिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. म्हणून कागद घेतला.

पहिला फोटो आधी. स्टुडिओवाल्याने बाबांना कोट घातलाय! जन्मात कधी कोटाला हात लावला नाही त्या माणसाने. मागे निळा पडदा, आणि चेहऱ्यावर चहूकडून सारखाच उजेड. असा उजेड पडला की नाक, गाल, कपाळ सगळं थापलेल्या भाकरीसारखं सपाट होतं. वर सुरकुत्याही पुसल्यात. हे बँकेतून निवृत्त झालेले कुणी गृहस्थ दिसतात. त्यांना माझा नमस्कार सांग, पण आपल्या भिंतीवर लावू नकोस.

दुसरा तूच काढलेला. तू सातवीत होतास. शिकवण्यांच्या पैशांतून मी कॅमेरा घेतला होता आणि तो तुझ्या हातात देताना माझा जीव वरखाली होत होता. सांडोरच्या घराचा ओटा, संध्याकाळ, बाबा वाडीतून नुकतेच आलेले. "लवकर काढ रे, वाडीत पानी सोडलंय," म्हणाले. तू घाईत काढलास, म्हणून पायरी तिरकी आली. ती तिरकीच राहू दे.

हा फोटो चांगला आहे, आणि तू माझा भाऊ आहेस म्हणून म्हणत नाही. ऊन पश्चिमेकडून केळीच्या फाटक्या पानांतून आलंय. बाबांचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. स्टुडिओवाला म्हणतो ना, "चेहरा अर्धा काळा आलाय, उजळून देतो"? त्याला नको म्हणावं. उजेडातला डोळा उन्हाने बारीक झालाय. सावलीतला पूर्ण उघडा आहे आणि तो तुझ्याकडे बघतोय. सावली उजळलीस तर ते बघणं जाईल.

बनियनवरचे केळीच्या चिकाचे डागही त्याने धुऊन काढलेत. मी वर्गात मुलांना सांगते, पोत डोळ्यांनी चाचपायचा. ते डाग, ओट्याचा खरखरीत कोबा, दाढीचे पांढरे खुंट, बाबांच्या बोटांवरच्या भेगा. बघताना आपल्या हाताला ते लागलं पाहिजे. तो नुसता मळका बनियन नाही, आयुष्यभर वाडीत राबलेल्या माणसाचा बनियन आहे. ते डाग राहायलाच हवेत.

आता रचना. बाबा मधोमध नाहीत, अगदी उजव्या कडेला आहेत, आणि किंचित उजवीकडेच कललेत. उजवीकडे मात्र काहीच नाही, फोटो तिथे कापलेला आहे. त्यामुळे बाबा रिकाम्या हवेला टेकल्यासारखे वाटतात. वर्गात कुणी असा फोटो आणला असता तर मी विचारलं असतं, "इथे कोण होतं?"

तुला माहीत आहे कोण होतं. तरी तू लिहिलंस, "खांद्यावर तो हात राहिलाय, स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर पुसून देईल म्हणतो. पुसू?" चिराग, 'तो हात' लिहिलंस. मला फार वाईट वाटलं. आई गेल्यावर त्याच हाताने तुझे डबे भरलेत.

तू असं का लिहिलंस तेही कळतं. हरेश्वरकाका शेजारी बसले असतील. बाबांच्या माघारी घरात त्यांचाच शब्द चालतो. मी बर्नार्डशी लग्न केलं तेव्हा बाबांनी दार लावलं, पण कडी नीट बसली का हे काकांनीच बघितलं. बाबा गेल्याचं मला तू कळवलंस, ते मी विसरणार नाही. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या दिवशी मी आले होते. आपल्या गल्लीच्या वळणापर्यंत आले, फाटकात काका दिसले आणि परत फिरले. बाबांचं तोंड बघितलं नाही.

तू पाठवलेला फोटो मी संगणकावर मोठा करून त्याच्या कडा बघितल्या. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत सापडला म्हणालास. कात्री वरून बाबांच्या कानाशी अगदी लागून सरळ खाली आलीय. तशीच खाली गेली असती तर माझी बोटं तुटली असती. पण खांद्यापाशी ती बाहेर वळते, माझ्या मनगटापर्यंत जाते, हाताला वळसा घालून परत आत येते आणि मग पुन्हा सरळ. काकांनी कापला असता तर सरळच कापला असता. हे बाबांचं काम आहे. मला कापायला बसले आणि हाताशी आल्यावर थांबले.

बर्नार्डला दाखवलं. तो बराच वेळ बघून म्हणाला, "हात कापायचा तर त्यांना स्वतःचा खांदाही कापावा लागला असता." तेही खरं असेल. मी त्यातून फार अर्थ काढत नाही. पण रात्री जेवण गेलं नाही, आणि सकाळी उठले तेव्हा खूप दिवसांनी हलकं वाटत होतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, दुसरा फोटो. हात पुसायचा नाही.

त्या रोलच्या निगेटिव्ह माझ्याकडेच आहेत. घर सोडताना कपड्यांच्या पिशवीत आल्या. त्यातून आख्खा फोटो छापता आला असता, मी शेजारी उभी, दोन वेण्या, दात काढून हसतेय. छापून बघितलाही. मग तो ठेवून दिला, आणि बाबांनी कापला तेवढाच दुसरा छापला. फोटो तू काढलास, पण चौकट बाबांनी ठरवली. त्यांनी मला जेवढं ठेवलं तेवढंच मी ठेवलंय, मनगटापर्यंत. सावली तशीच आहे, डाग तसेच आहेत, पायरी तिरकी आहे. बर्नार्डने सागाची फ्रेम करून आणली. तुझ्या स्टुडिओवाल्याला म्हणावं, काम झालं.

तू वर्षश्राद्धाची तारीख सांगितलीस, फोटो विचारलास, पण ये म्हणाला नाहीस. मीही इतकं पानभर उजेड-सावली लिहीत बसले, ते विचारायचा धीर होईना म्हणून. आता विचारत नाही, कळवते. फ्रेमला काच आहे, कुरियरने फुटेल. २३ तारखेला सकाळी मीच घेऊन येते. या वेळी वळणावरून परत फिरणार नाही. बर्नार्ड म्हणतो तो बाहेर थांबेल. मी म्हटलं, आत यायचं.

काका विचारतील, "हा हात कोनाचा?" तू उत्तर देऊ नकोस. मी फोटोच्या बाजूलाच उभी असेन.

तुझी ताई, आणि बळीराम यांची मुलगी,
हंसा