लांब नळीचं घरटं

श्रावण, सोमवार. संध्याकाळ.

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळामुळे गिरणी बंद. येणाऱ्या बाळाच्या पाळण्यावर टांगायला सुगरणीचं घरटं आणायला शीवच्या खाडीकडे गेलो. बाभळीवर पंधरा-वीस तरी लोंबत होती. नळी न विणता अर्धवट सोडलेली रिकामी असतात, गावी लहानपणापासून ठाऊक. तरी मी लांब नळीचंच आकडीने ओढलं. आमचं पहिलं बाळ अपुऱ्या दिवसांचं गेलं. या खेपेला अर्धवट काही नको होतं.

घरी कुसुमने ते उलटं केलं. तळव्यात दोन पांढरी अंडी आली, एक फुटलेलं.

"अहो, भरलेलं घर आणलंत?"

मग भिंतीकडे तोंड करून पडली ती अजून तशीच. उरलेलं अंडं मी कापसात ठेवलंय. गार लागतंय.

ओढताना एक सुगरण फांदीवरच्या तुटक्या गवताला लटकून सारखी ओरडत होती. मला वाटलं, गातेय.