कापसाच्या खोलीतली भिंत

बाबा, तुमच्या माघारी मी आता ब्लॉग लिहितो. ब्लॉग म्हणजे काय ते तुम्हाला समजवणं सोपं आहे: आपल्या कापसाच्या खोलीतली भिंत. फरक इतकाच, की यात हात काळे होत नाहीत आणि आई ओरडत नाही.

त्या भिंतीची सुरुवात आईनंच करून दिली. काका जेवायला आले की तुम्हा दोघा भावांचं राजकारण सुरू व्हायचं. एकदा काकांनी सरकारवर हात उगारला आणि वरणानं भरलेला गंज चुलीत आडवा झाला. आई म्हणाली, "राजकारण कराचं असन त कापसाच्या खोलीत जा. इथं तोंड फक्त जेवासाठी उघडा." तुम्ही खरंच गेलात. चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर एक ओळ लिहिलीत, काकांनी खाली उत्तर लिहिलं. मग दरवर्षीचं झालं. वेचणी सुरू झाली की खोलीत कापूस पडायचा, ढीग चढत चढत भिंत झाकायचा. ज्याची ओळ शेवटची, तो कापूस विकेपर्यंत जिंकलेला.

मग बीटी कापसाचं बियाणं आलं. तुम्ही लिहिलंत, "अळी गेली, फवारणी गेली." काकांनी खाली लिहिलं, "मंग माहा पंप काऊन मागून नेला?" अजून दिसतं मला. तुम्ही भिंतीसमोर उभे आहात, कानाच्या पाळ्या लाल, आणि मी मागं तोंडात रुमाल कोंबून. त्या दिवशी तुम्ही काकांना चारचौघांत अडाणी म्हणालात. काका आपला पंप उचलून निघून गेले आणि एकाच गल्लीत राहून वर्षभर आले नाहीत. तुम्ही जेवताना त्यांच्या रिकाम्या पाटाकडं बघत भाकर उगीच कुस्करत बसायचात.

पुढं कापूस विकून खोली मोकळी झाली, आणि एका सकाळी भिंतीवर काकांच्या नावानं नवी ओळ: "बीटी वाईट, कारण ते वाईट आहे." आई अक्षर बघून एवढंच म्हणाली, "हे डाव्या हातानं लिहेल हाय." तुमच्या डाव्या हाताची बोटं काळी होती. गावात गोष्ट थांबते थोडीच! दुपारी काका दारात.

"माह्या नावानं इतकं येड्यासारखं कोणं लिहलं?"

"तू येत नाही, त दोन्हीकडून मलेच लिहा लागते. काय करू?"

"मंग नीट त लिह ना, दादा! आण तो कोळसा."

आईनं त्यांचंही ताट वाढलं.

वरवट बकालच्या बाजारात एकानं मला विचारलं, "ब्लॉग काऊन लिहता? रिकामे हा का?" मी म्हणालो, भिंत ताटावरून उठून जात नाही, म्हणून. माझा पोरगा उठून गेला. निवडणुकीवरून, कापसाच्या भावावरून घरच्या ग्रुपवर आमची जुंपली, मी तुमचाच तो 'अडाणी' शब्द त्याला वापरला, आणि तो पुण्यात बसून "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही" असं लिहून ग्रुप सोडून गेला. दिवाळीलाही आला नाही. ब्लॉग त्याच्या पोरीनं काढून दिला. "आजोबा, पप्पा वाचतात बरं का. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

तेव्हा मी तुमचीच युक्ती केली. माझ्याच मजकुराखाली, नाव न देता, पोराच्या बाजूनं माझ्याविरुद्ध शेरा टाकायचा. तुमच्यासारखा मुद्दाम कच्चा, म्हणजे तो चिडून दुरुस्त करायला येईल. पण लिहायला बसलो तर कच्चं जमेना. तो ग्रुपवर काय काय म्हणाला होता ते आठवत गेलो. तेव्हा मी ते धड वाचलंही नव्हतं. शेरा लांबला. चांगला झाला. तीन दिवस झाले, मी त्या शेऱ्याला उत्तर शोधतोय.

पोरगा अजून आलेला नाही. "तुझं बरोबर असेल" एवढी एक ओळ ब्लॉगवर टाकली तर तो आजच फोन करील, हे मला कळतं. मघाशी तीच टाकायला बसलो होतो, बाबा, आणि झालं हे पत्र.