बिजागरीला तेल घातल्याचे परिणाम

तीर्थस्वरूप भाऊजींना,

आपल्या एकुलत्या एका, आणि दातांच्या बाबतीत तरी पूर्णपणे आज्ञाधारक अशा मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. ताईचा गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नाही, असे तिने फोनवर सांगितले. ऐकून बरे वाटले. आपली प्रकृती उत्तमच असणार. दिवसभर इतरांना आ करायला लावून स्वतः तोंड मिटून काम करणाऱ्या माणसाची शक्ती कमी खर्च होते, असे माझे जुने निरीक्षण आहे. दवाखान्यात नवी, अजिबात आवाज न करणारी खुर्ची येत असून जुनी सोमवारी भंगारात जाणार आहे, हेही ताईकडून समजले. मनःपूर्वक अभिनंदन. (त्या जुन्या खुर्चीविषयी मला काहीही म्हणायचे नाही. निदान या परिच्छेदात नाही.)

पत्रास कारण की, आपल्या लेकीचा, टिटवीचा, मुक्काम आमच्याकडे सुखरूप चालू आहे. (हे टोपणनाव आपणच तिच्या लहानपणच्या रडण्यावरून ठेवलेत, तेव्हा तिच्या आवाजाची पहिली दखल घेण्याचा मान आपल्याकडेच जातो.) आपला दवाखाना पुढे चालवायला तिने नकार दिला आणि संगीत करायचे म्हणून ती इकडे आली, तेव्हापासून आपण दोघे एकमेकांशी ताईमार्फत बोलता, हे मला ठाऊक आहे. दिवसा ती एका चष्म्याच्या दुकानात काम करते. दातांवरून डोळ्यांवर गेली, म्हणजे प्रगती वरच्याच दिशेने आहे. संध्याकाळी मात्र ती खोलीचे दार लावून घेते आणि आतून काहीबाही आवाज येत राहतात. जेवताना बोलणे "वाढू का" आणि "पुरे" एवढ्यावर आटोपते. म्हणून मी एकदा विचारले, की बाई, तू ऐकतेस तरी काय? ती म्हणाली, "इंडी-पॉप आणि इलेक्ट्रॉनिक. तुम्हाला नाही आवडायचं, मामा."

भाऊजी, ज्या माणसाने निवृत्त होईपर्यंत शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, आणि त्यातही 'ध्वनी' हा धडा ज्याच्या तोंडून ऐकायला शेजारच्या वर्गातली मुले खिडकीशी येत (ही सारी उनाड मुले होती, असे मुख्याध्यापकांचे मत, मी त्याला महत्त्व देत नाही), त्याला हे वाक्य ऐकून स्वस्थ बसवेल का? मी दुसऱ्याच दिवशी पद्धतशीर अभ्यासाला लागलो.

आपल्या माहितीसाठी विषय थोडक्यात मांडतो. इंडी म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या दारात ताटकळत न बसता ही मंडळी आपल्याच खोलीत, आपल्याच खर्चाने गाणे तयार करतात आणि जगाच्या स्वाधीन करतात. पॉप म्हणजे कोणालाही गुणगुणता येईल असे. म्हणजे विक्षिप्तपणा मनसोक्त करायचा, पण चाल सोपी ठेवायची. आता इलेक्ट्रॉनिक. इथे आपली विशेष गोडी असायला हवी, कारण आपण दाढेला जे करता तेच हे लोक आवाजाला करतात. एखादा साधा आवाज घ्यायचा, नळाचा म्हणा, लिफ्टचा म्हणा. मग तो कोरायचा, किडका भाग काढायचा, पोकळी भरायची, वरून घासून गुळगुळीत करायचा, की तो गाण्यात चावायला तयार! हे तत्त्व ध्यानात आले तेव्हा मला एवढा आनंद झाला, की मी ते आमच्या हिला फळ्यावर आकृती काढून समजावले. (स्वयंपाकघरात फळा कशाला, हा तिचा प्रश्न जुना आहे.)

अभ्यासाची रीत अशी ठेवली. रोज सकाळी चहानंतर एक नवा कलाकार. पहिल्यांदा ऐकायचे ते चालीसाठी, दुसऱ्यांदा शब्दांसाठी आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून, समग्र परिणामासाठी. या तिसऱ्या पायरीने घोटाळा केला. डोळे मिटताच मला झोप लागे आणि फोन बिचारा एकामागून एक शांत गाणी वाजवत राही. त्यातल्या गाण्यांच्या ॲपने यावरून आपला निष्कर्ष काढला, की मी तान्हे बाळ आहे. त्यानंतर त्याने मला सुचवलेल्या प्रत्येक गोष्टीत पंख्याची घरघर तरी होती, नाहीतर कोणीतरी "शूऽऽ" करत होते. मी शिस्तीने तेही तीन-तीनदा ऐकले आणि त्यातल्या एका "शूऽऽ"चा विकास मला खरोखर दर्जेदार वाटला. शेवटी टिटवीनेच माझा फोन घेऊन, "मामा, तुमचं वय दुरुस्त करते," असे म्हणत ते निस्तरले.

मग खरी दुनिया उघडली. दोघे भाऊ सापडले, जे प्रत्येक ओळ कोणाच्या तरी पायावर पाय पडल्यासारखी ओशाळून गातात. एक बाई सापडली, जिने स्वतःच्या खोकल्यावर अख्खे गाणे रचले आहे. तिसऱ्याच कोणाचे तरी गाणे मी दिवाणखान्यात मोठ्याने लावले असताना, पंपात हवा धरली असे समजून हिने प्लंबरला बोलावले. प्लंबरने पंप पाहिला, मग दिवाणखान्यात उभा राहून शेवटपर्यंत ऐकले आणि गाण्याचे नाव विचारून गेला. हिने त्या दिवसापासून माझ्या संशोधनाला "यांचं ते गळकं गाणं" असे नाव दिले आहे.

आणि मग मला तो कलाकार सापडला! नाव नाही, चेहरा नाही. चित्राच्या जागी फक्त एक दाढ. (भाऊजी, इथे आपल्याला शंका येईल. मला आली नाही. मला ती दाढ हे आधुनिक माणसाच्या एकाकीपणाचे प्रतीक वाटले, आणि तसे मी जेवताना सविस्तर सांगितलेही.) ते गाणे सुरू होते एका लांबलचक करकरीने, जशी एखादी आळशी म्हैस कुरकुरत उठावी. त्या करकरीतूनच हळूहळू सूर वर येतो आणि मग एक मुलगी अगदी साधेपणाने गाते: "घाबरायचं नाही. नुसतं आ करायचं." मी ते तीनदा ऐकले आणि तिन्ही वेळा जागा होतो. टिटवीला मी फळ्यावरच दाखवून दिले, की हा कलाकार असामान्य आहे. फक्त शेवटचा उसासा तेवढा खोटा, यंत्राने बनवलेला वाटतो. बाकी सोने आहे. ती खाली मान घालून म्हणाली, "माहितीये." तिचे कान लाल झाले होते. मी समजलो, भाजी तिखट आहे.

आता मूळ दुर्घटनेकडे येतो. आमच्या स्वयंपाकघराचे दार आपण ओळखताच. मागच्या खेपेस आपण त्याला 'हिरडी सुजलेले दार' म्हणाला होतात. ते माझ्या संगीतश्रवणात वारंवार व्यत्यय आणू लागले, म्हणून मी ते शास्त्रशुद्ध रीतीने दुरुस्त केले. बिजागऱ्या उतरवल्या, गंज घासला, तेल घातले, पुन्हा बसवल्या. दार असे निमूट झाले, की ही दोनदा त्याला न पाहता धडकली. श्रमपरिहार म्हणून मी ते दाढेचे गाणे लावून बसलो. करकर सुरू झाली. आणि भाऊजी, हयातभर ज्या आवाजासोबत चहा प्यायलो, तो मला त्या क्षणी कळला! म्हैस कसली? आमचे दार! मी उठून दार उघडले. दार गप्प. फोनमधले दार करकरते आहे आणि घरातले दार मुके, अशा अवस्थेत मी उभा होतो, तोच टिटवी कामावरून आली. तिने दार ढकलले. पुन्हा ढकलले. मग माझ्या हातातल्या तेलाच्या बुधलीकडे पाहिले.

"मामा, दाराला काय केलंत?"

"तेल घातलं," मी अजून थोड्या अभिमानातच होतो.

"सगळ्या बिजागऱ्यांना?"

"अर्धवट काम मी कधी केलंय?"

ती खाली बसली आणि आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. हिने आतून येऊन विचारले, "काय केलंत हो पोरीला?" आणि मी म्हणालो, "मी ओळखलं तिला." वाक्य बरोबर होते, पण वेळ चुकली.

तर, भाऊजी, तो असामान्य कलाकार आपल्याच घरचा निघाला. दार भराभर उघडल्याचा आवाज तिच्याकडे होता, तोच तिने यंत्रावर ताणून लांबवला होता. खरोखर सावकाश उघडल्याचा घ्यायचा राहिला होता आणि तो मी तेलात बुडवला. तरी गेल्या शनिवारी, सायकलच्या दुकानावर एक छोटा हॉल आहे तिथे, तिने तेच गाणे लोकांपुढे केले. आम्ही दोघे पहिल्या रांगेत होतो. (ही कानात कापूस घालून आली होती, दुसऱ्या गाण्याला तिने तो काढला आणि माझ्या खिशात ठेवला.) टिटवी एका टेबलामागे उभी राहून बटणे फिरवत होती. "नुसतं आ करायचं," ती म्हणाली, आणि अख्ख्या हॉलने एकदम "आऽऽऽ" केला. एवढी उघडी तोंडे आपणही एका ठिकाणी पाहिली नसतील. मला तेव्हा आपली फार आठवण झाली. त्या ओळी आपल्या आहेत, भाऊजी. प्रत्येक घाबरलेल्या पेशंटला आपण ज्या हळू आवाजात त्या म्हणता, त्याच हळू आवाजात तिने त्या म्हटल्या. ती आपल्या दवाखान्यातून निघून आली हे खरे. पण येताना काय-काय घेऊन आली आहे, याची आपण अद्याप मोजदाद केलेली दिसत नाही.

पत्र लांबले. ताईस नमस्कार सांगावा. दात दोन्ही वेळा घासतो.

आपला नम्र,
मेहुणा

ता. क. : आता त्या जुन्या खुर्चीविषयी. ती खाली उतरताना जो उसासा टाकते, तोच या गाण्याचा शेवट आहे. टिटवीने तो यंत्रावर बनवून पाहिला, पण खोटा वाटतो, हे मत आपण वर वाचलेच. तेव्हा कृपा करून ती सोमवारी भंगारात देण्याआधी रविवारी आम्हाला येऊ द्यावे. हे मी तिला न कळवता लिहीत आहे. ती स्वतः विचारणार नाही, म्हणते, "बाबा म्हणतील, तो आवाज बंद व्हावा म्हणूनच तर नवी आणतोय." रिकामी खुर्ची नीट उसासत नाही, तिच्यावर वजन लागते, म्हणून पेशंटच्या जागी मी बसेन. माझ्या तोंडात कृपया डोकावू नये. मागची उजवी दाढ ही माझी खासगी बाब आहे.

ता. ता. क. : वरील मजकूर वाचून ही म्हणते, खरे ते लिहा. खरे असे, की खुर्चीइतकेच पेडल महत्त्वाचे आहे आणि ते आपणच दाबायला हवे. टिटवीनेच एकदा सांगितले होते, की बाकीचे डॉक्टर खुर्ची धाडकन खाली सोडतात, "बाबा पाय इतका हळू काढतात, की पेशंटला कळतसुद्धा नाही जमीन कधी आली." तो पाय यंत्रात मिळत नाही.

शेवटचा ता. क. : पाकीट डिंक लावायला टेबलावर ठेवले होते. टिटवीने आतले पत्र वाचले आहे, असे दिसते, कारण खाली तिच्या अक्षरात एक ओळ आली आहे. मी ती खोडत नाही.

बाबा, रविवारपर्यंत खुर्चीला तेल घालू नका.